एक जुलैच्या मुली

आमच्या कचेरीत माझ्यासकट अकरा माणसं होती आणि त्यांतल्या सहाजणांचा वाढदिवस एकाच दिवशी यायचा, एक जुलैला. त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे. शाळेत नाव घालताना गुरुजी विचारायचे, पोरगं कितव्या वर्षात आहे. आई किंवा बाप अंदाजाने काहीतरी सांगायचा. गुरुजी तेवढी वर्षं मागे जाऊन एक जुलै लिहून मोकळे व्हायचे. शाळा नुकती उघडलेली असायची, पट भरायची घाई असायची, आणि खरी तारीख घरात कुणाला ठाऊक होती? माझी आई सांगायची की मी तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाले. दाखल्यावर मात्र एक जुलैच आहे आणि मी निवृत्तही त्याच हिशेबाने झाले.

हे सगळं मला चांगलं माहीत होतं. माहीत असूनही मी जो घोळ घातला, तो सांगायचा आहे.

ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं. वर्ध्यातली ती कचेरी कोणती ते सांगत नाही. सरकारी होती, एवढं पुरे. तिथे एक दिवस संगणक आला. त्याच्यासाठी कोपऱ्यातली खोली रंगवून घेतली, खिडकीला निळे पडदे लावले, बाहेर पायपुसणं टाकलं आणि दारावर पाटी लावली की चपला बाहेर काढाव्यात. साहेब स्वतः चपला बाहेर काढायचे. मला सहा आठवडे नागपूरला शिकायला पाठवलं होतं, कारण माझ्याकडे गणिताची पदवी होती आणि मी सव्वीस वर्षांची, बिनलग्नाची होते, म्हणजे रजा मागणार नाही असा त्यांचा समज. मूळची मी आर्वीची. बोरगाव मेघेला एक खोली भाड्याने घेऊन राहायचे आणि सायकलने कचेरीत यायचे.

नागपूरला शिकलेल्या सगळ्यांत मला काय आवडलं असेल तर ती फंक्शनं. मशीनच्या आत आधीपासून बसवून ठेवलेली, नावाने हाक मारली की काम करणारी. काळ्या पडद्यावर डाव्या कडेला एक हिरवा ठिपका असायचा. त्या ठिपक्यापुढे आपण प्रश्न लिहायचा, म्हणजे अमुक यादीतून तमुक अटीत बसणारी माणसं दाखव, आणि त्या प्रश्नाच्या पोटात ही फंक्शनं घालायची. एक ट्रिम होतं. नावाच्या मागे टायपिंग करणाऱ्याने सोडलेल्या मोकळ्या जागा ते छाटून टाकायचं. एक अप्पर होतं, लहान अक्षरं मोठी करणारं. सबस्ट्रिंग नावाचं एक होतं, ते नोंदणी क्रमांकातली पाहिजे तेवढीच अक्षरं कापून काढायचं. पहिली दोन अक्षरं कापली की मुलगी आर्वी तालुक्यातली की हिंगणघाटची ते कळायचं. मग आकड्यांची फंक्शनं. राउंड अपूर्णांकाला जवळच्या पूर्णांकाकडे नेऊन सोडायचं. इंट त्याहून कडक. ते दशांशाच्या पुढचं सरळ फेकून द्यायचं, मग तिथे नऊ असो की शून्य.

मला या इंटचं भारी कौतुक होतं. माझा स्वभाव तसाच होता. पुढचं-मागचं बघायचं नाही, एक घाव दोन तुकडे.

त्या वर्षी आमच्याकडे एक काम आलं. गावोगावच्या मुलींमधून प्रसूतीच्या कामाला मदतनीस निवडायच्या होत्या. दीड वर्षाचं प्रशिक्षण आणि मग नोकरी. अट अशी की मुलगी दहावी पास असावी आणि त्या वर्षीच्या तीस जूनला तिला अठ्ठावीस पूर्ण झालेली नसावीत. अर्ज गोण्यांनी आले. आधी असली कामं बडे बाबू करायचे. ते सेलूकडचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. यावेळी साहेबांनी सांगितलं की यादी मशीनवर काढा, वरच्यांना दाखवता येईल. दोन मुलींनी महिनाभर बसून अर्ज मशीनमध्ये भरले आणि प्रश्न लिहायचं काम माझ्यावर आलं.

मी तो एका ओळीत लिहिला. एका ओळीत लिहिण्याची मला हौस होती. तीस जूनमधून जन्मतारीख वजा करायची, म्हणजे दिवस मिळतात. त्याला तीनशे पासष्टने भागायचं. वर इंट लावायचं, म्हणजे वय मिळतं. ते अठ्ठावीसपेक्षा कमी असेल तर घ्या. नागपूरच्या वर्गात फळ्यावर असंच लिहिलं होतं आणि माझ्या वहीत ते लाल शाईने चौकटीत होतं. मी पाच नावं घेऊन हाताने ताडून पाहिली, पाचही बरोबर आली. बडे बाबू दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, मी तर वय काढतच नाही, एका चिठ्ठीवर तारीख लिहून टेबलाला चिकटवतो. त्या तारखेला किंवा त्याच्या आधी जन्मलेली बाहेर, नंतरची आत. मी हसले. चांगलं तोंडभरून हसले, भरायला बसलेल्या मुलींसमोर. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि ते जागेवर जाऊन बसले.

यादी निघाली. प्रिंटर तासभर करकरत होता. साहेबांनी सही केली, मुलाखतीची पत्रं डाकेत पडली. मुलाखती डिसेंबरातल्या एका सोमवारी ठरल्या होत्या.

त्याच्या बरोबर एक आठवडा आधी, तेही सोमवारीच, ती मुलगी आली.

चपला बाहेर काढून, दाराच्या आत एकच पाऊल टाकून उभी राहिली. काळीसावळी, अंगावर सुती साडी, थंडीचे दिवस म्हणून खांद्यावरून टॉवेल घेतलेला. हातात साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी होती आणि त्यात शाळेचा दाखला. आर्वीच्या पलीकडे एक गाव आहे, फाट्यापासून तासभर आत, तिथली. दहावी तिसऱ्या खेपेला पास झालेली. लग्न मोडून माहेरी आलेली, हे तिने सांगितलं नाही, अर्जात लिहिलेलं होतं. तिला पत्र आलं नव्हतं. मी नोंदणी क्रमांक विचारला, ठिपक्यापुढे लिहिला, आणि पडद्यावर आलेलं तिला वाचून दाखवलं. वय अठ्ठावीस. अपात्र.

ती म्हणाली, "मॅडम, तवा माहे अठ्ठावीस पुरे नाई झाले. एका दिवसानं राह्यले." तिने दाखला काढून पुढे धरला. मी तो घेतला नाही. तिने पुन्हा सांगितलं, त्यांच्या शाळेतल्या तिघींची तारीख एकच आणि तिघींनाही कागद आलेला नाही.

मी आर्वीची. घरी मी तिच्यासारखीच बोलते. पण त्या खोलीत, निळ्या पडद्यांमध्ये बसून मी पुस्तकातल्या मराठीत तिला म्हटलं, "मशीन चुकत नाही."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. मी भांडणाला कधीच कमी नव्हते. तिने दाखल्याची घडी घातली, पिशवीत ठेवली, बरं म्हणाली आणि गेली. दारातून बाहेर पडल्यावर चपला घालायला तिला वेळ लागला, कारण ती रडत होती आणि तिला पट्टा सापडत नव्हता. मला ते खिडकीच्या काचेतून दिसलं. मी पडदा ओढून घेतला.

तिघींची तारीख एकच. हे वाक्य संध्याकाळी सायकलवर माझ्यासोबत घरी आलं. पोळी लाटताना ते होतंच. सकाळी उठले तर पुन्हा तेच. मंगळवारी खोली उघडून मी पहिलं काम केलं ते म्हणजे वयामुळे बाहेर गेलेल्यांची यादी मागवली, जन्मतारखेच्या क्रमाने. नावं वर सरकत गेली. सुरुवातीला छप्पन सालच्या, सत्तावन सालच्या, त्या बाहेर जाणं ठीकच होतं. शेवटी पडदा थांबला. खालपासून वरपर्यंत एकच तारीख होती. ०१/०७/५९. एकाखाली एक, एकाखाली एक. पडद्यावर मावत नव्हत्या इतक्या.

मी कागद घेतला आणि हाताने मांडलं. एक जुलै एकोणसाठची मुलगी. त्या वर्षीच्या तीस जूनला तिला अठ्ठावीस व्हायला एक दिवस बाकी. दहा हजार दोनशे सव्वीस दिवस. भागिले तीनशे पासष्ट. अठ्ठावीस पूर्णांक आणि वर थोडंसं काही. इंटने ते थोडंसं फेकून दिलं आणि अठ्ठावीस हातात ठेवले. हे जास्तीचे दिवस आले कुठून? लीप वर्षांतून. अठ्ठावीस वर्षांत सात वेळा फेब्रुवारीला एक दिवस जास्तीचा येतो, आणि मी ते सातही दिवस या मुलींच्या वयावर चढवून ठेवले होते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात जन्मलेली प्रत्येक मुलगी माझ्या त्या एका ओळीने एक वर्षाने म्हातारी केली होती.

एखाद्या दुसऱ्या ठिकाणी हे खपूनही गेलं असतं. सात दिवसांत जन्मणार त्या किती, एखाददुसरी. पण आमच्याकडे सगळा जिल्हाच एक जुलैला जन्मलेला. मी मोजल्या. एकतीस होत्या.

 मशीनचा पंखा घूं घूं करत होता आणि ठिपका पुढच्या प्रश्नाची वाट बघत होता. मला त्याचा राग आला. मग लक्षात आलं की त्याने काहीच केलं नाही. जे विचारलं त्याचं बरोबर उत्तर दिलं. भाग द्यायला सांगितला, त्याने दिला. फेकायला सांगितलं, त्याने फेकलं. आणि बडे बाबूंची चिठ्ठी? तीस जून एकोणसाठच्या नंतर जन्मलेली आत. ना भागाकार, ना इंट, ना लाल चौकट. मी तोच प्रश्न ठिपक्यापुढे टाकला, एकाही फंक्शनशिवाय. एकतीसच्या एकतीस आत आल्या. आणखी एकही कमी-जास्त नाही.

मी मशीन बंद केलं.

हे लिहायला जड जातं, पण लिहिते. मंगळवारी मी दिवसभर काही बोलले नाही. डबा उघडला नाही. साहेब दोनदा समोरून गेले, दोन्ही वेळा मी कागदांत डोकं घातलं. मनात हिशेब चालला होता आणि तो हिशेब काही त्या मुलींचा नव्हता, माझाच होता. माझ्या नागपूरच्या शिकण्यावर सरकारने खर्च केला आहे. साहेबांची सही आहे. पत्रं गेली आहेत. वरच्या कचेरीला यादी पाठवली आहे, सोबत साहेबांचं टिपण आहे की ही यादी संगणकावर काढल्यामुळे निर्दोष आहे. नोकरीत मी अजून पक्की झालेले नव्हते. गप्प बसले तर कुणाला कळणार होतं? त्या एकतीसपैकी चारपाच जणी येतील, दाखला दाखवतील, आणि कुणीतरी त्यांना सांगेल की मशीन चुकत नाही. सांगायची सवय मीच लावून ठेवली होती.

बुधवारी सकाळी मी आधी बडे बाबूंकडे गेले. त्यांना सांगणं साहेबांना सांगण्यापेक्षा सोपं जाईल असं वाटलं होतं, ते खोटं ठरलं. मी कागद पुढे ठेवला आणि लीप वर्षाचं सांगायला लागले. त्यांनी अर्ध्यातच हाताने थांबवलं. हसले नाहीत. हसले असते तर मला सोसलं असतं. म्हणाले, "किती पोरी हायेत?" मी आकडा सांगितला. ते उठले, कोट घातला आणि मला घेऊन साहेबांच्या खोलीत गेले.

साहेबांनी तो कागद वाचला. मग त्यांनी विचारलं की सोमवारपर्यंत यांना बोलावता येईल का. डाकेने येणार नाही, बडे बाबू म्हणाले, पण एसटीने येईल. आज पत्रं टाइप करून घेऊ, उद्या सकाळी डेपोत देऊ. हिंगणघाटची हिंगणघाटच्या कंडक्टरकडे, आर्वीची आर्वीच्या. फाट्यावरच्या चहावाल्याकडे पाकीट टाकलं की गावात पोचतं. लोकांची औषधं जातात, लग्नाच्या पत्रिका जातात, हे का नाही जाणार? साहेबांनी मान डोलवली. मग ते माझ्याकडे वळले. मी उभीच होते. आता रागावतील म्हणून मी खांदे आखडून घेतले होते.

ते रागावले नाहीत. म्हणाले, वर कळवावं लागेल, टिपण लिहा. आणि मजकूर त्यांनीच सांगितला. संगणकातील तांत्रिक दोषामुळे काही पात्र उमेदवार वगळले गेले, सबब पुरवणी यादी सादर.

मी लिहून घेतलं. माझ्या अक्षरात, माझ्या पेनाने. तांत्रिक दोष. मला इतकं हलकं वाटलं की लाज वाटायला संध्याकाळ व्हावी लागली.

पत्रं टाइप झाली, सह्या झाल्या. गुरुवारी पाकिटं डेपोत गेली. त्या मुलीचं पाकीट तेवढं मी बाजूला काढून ठेवलं होतं. साहेबांना सांगितलं की ते गाव फार आत आहे, चहावाल्यावर भरवसा नको, मी स्वतः जाते. गाव आत होतं हे खरं. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. तिला मी माझ्या तोंडाने परत पाठवलं होतं.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने आर्वीला उतरले. आईकडे गेलेसुद्धा नाही, तिथून दुसरी गाडी पकडली. पर्स मांडीवर आणि पर्सवर दोन्ही हात, जणू कुणी पाकीट पळवणार होतं. फाट्यावर उतरले तेव्हा ऊन वर आलं होतं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला आणि वेचणीला बाया लागलेल्या. वाटभर मी वाक्यं जुळवत होते. एक वाक्य असं होतं की मशीनमध्ये दोष निघाला, आता सगळं ठीक झालं आहे. छान वाक्य होतं. सरकारी शिक्का असलेलं. दर शंभर पावलांना मी ते म्हणून बघायचे आणि दर शंभर पावलांना मला तिची चप्पल शोधणारी बोटं दिसायची.

मुलाखतीला ती आली होती, हे आत्ताच सांगून टाकते. निवडीच्या पहिल्या यादीत तिचं नाव लागलं नाही. प्रतीक्षा यादीत लागलं आणि आठ महिन्यांनी तिला बोलावणं गेलं. एकतीसपैकी सोमवारी सव्वीसजणी आल्या. ज्या पाच आल्या नाहीत त्यांच्यापर्यंत पाकीट पोचलं नाही, की पोचूनही घरच्यांनी पाठवलं नाही, ते मला कधीच कळलं नाही. त्यांची नावं मला अजून पाठ आहेत.

तर शुक्रवारी. घर सापडायला अडचण आली नाही, लग्न मोडून परत आलेल्या मुलीचं घर गावात चटकन दाखवतात. मातीच्या भिंती, पुढे सारवलेला ओटा, आणि ओट्यावर उन्हात एक बाई तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. तिची आई. पन्नाशीची असेल, पण पाठीत वाकली होती. मी कचेरीतून आले म्हटल्याबरोबर तिने सूप बाजूला सारलं, उठली, पाणी आणून दिलं. मुलगी वेचणीला गेली होती, दुपारी यायची होती. मी पाणी प्यायले आणि माझं ते छान वाक्य काढणार, तेवढ्यात ती माझ्यासमोर खाली बसली आणि तिने हात जोडले.

म्हणाली, "बाई, पोरीचं काई चुकलं नाई. चूक माही हाय."

मला काही समजेना. मग ती सांगायला लागली. मुलीला शाळेत घालायला ती स्वतःच घेऊन गेली होती. गुरुजींनी विचारलं, कितवं वर्ष चालू आहे. हिने सांगितलं सातवं. सातवं नव्हतंच, सहावं होतं. पण लहान सांगितली तर गुरुजी पुढच्या वर्षी या म्हणतील, आणि मग वर्षभर पोरीला कुठे ठेवायचं? हिला रोज दुसऱ्याच्या वावरात जायचं होतं. म्हणून एक वर्ष वाढवून सांगितलं आणि गुरुजींनी लिहून घेतलं. हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सोमवारी मुलगी वर्ध्याहून आली आणि म्हणाली, मशीन म्हणते वय होऊन गेलं, तेव्हा हिच्या तोंडून ते निघून गेलं.  ते ऐकून मुलगी एकदाच म्हणाली की तू मला एका वर्षासाठी विकलंस.

"थे एक साल तुमच्या मशीनमधून काढून घ्या," आई म्हणाली. "मी लेहून देतो. अंगठा देतो. पोरीले नका धरू."

माझ्या पर्समध्ये पाकीट होतं. ते काढून तिच्या हातात दिलं असतं तर तिथल्या तिथे सगळं मिटलं असतं. मशीनमध्ये दोष निघाला, घ्या पत्र, सोमवारी पाठवा. तिने माझे पाय धरले असते. आणि ते एक वर्ष तिच्या डोक्यावर तसंच राहिलं असतं, कारण मशीन चुकलं काय आणि सुधारलं काय, मुलीला ते कळून गेलं होतं.  बुधवारी मी एक वाक्य लिहून स्वतःची मान सोडवून घेतली होती, आणि माझ्या मानेवरचं ओझं चार दिवसांपासून ही बाई वाहत होती. तिला तर सोडवून घ्यायला वाक्यही नव्हतं.

मी म्हटलं, "मावशी, तुमच्या सालाचं काई नाई. दाखल्यावर हाय तसंही तिचं वय बसत होतं. हिशेब म्या केला. माह्याच हातून चुकला. मशीनचंबी काई नाई, माहीच चूक."

वाटेत जुळवलेलं एकही वाक्य त्यात नव्हतं. कचेरीतली भाषा तोंडावर आलीच नाही. मग मी पाकीट काढून ओट्यावर ठेवलं आणि सोमवारचं सांगितलं.

तिने पाकिटाला हात लावला नाही. तिचा विश्वास बसला नव्हता. कचेरीतली पोरगी एवढ्या लांबून येऊन आपली चूक सांगेल, हे तिच्या बघण्यातलं नव्हतं. मी तिची समजूत काढते आहे असं तिला वाटलं. मी शपथ घेतली. आईची घेतली. तेव्हा कुठे तिला पटलं, आणि मला वाटलं आता ही मला बोलेल, खरंतर बोलावं असंच वाटत होतं. ती एवढंच म्हणाली, "मंग हे तिले सांगजा. चार दिस झाले, माह्या हातचं खाऊन नाई राह्यली."

दुपारची परतीची गाडी एकच होती. मी बसून राहिले. आई पुन्हा शेंगा सोलायला लागली आणि मीही चार शेंगा घेऊन सोलू लागले, हातांना काहीतरी काम पाहिजे होतं म्हणून. चुलीजवळ टोपलीत झाकून ठेवलेल्या भाकरी इथून दिसत होत्या. आधी पाकीट द्यावं की आधी चूक सांगावी, एवढा एकच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर मला काढता येत नव्हतं. गाडीची वेळ झाली आणि गेली.

ती आली तेव्हा कमरेला वेचलेल्या कापसाची ओटी बांधलेली होती आणि हात बोंडांनी ओरखडलेले. मला बघून ती अंगणातच थांबली. मी उठून उभी राहिले आणि आईला सांगितलं तेच तिला सांगितलं, तितक्याच शब्दांत. हिशेब माझा चुकला. तुझ्या मायने सांगितलेल्या वर्षाचा यात काही संबंध नाही. सोमवारी तू बरोबर होतीस आणि मी चुकले होते. मग पाकीट पुढे केलं.

तिने ते घेतलं. उघडलं नाही. माझ्याकडे बघितलं, पण ते बघणं कशातही मोजण्यासारखं नव्हतं. राग होता, थकवा होता, आणखीही काही असेल. आई खाली मान घालून शेंगा सोलत होती, दाणे सुपाबाहेर पडत होते ते तिला दिसत नव्हतं.

मुलीने कमरेचा कापूस सोडून कोपऱ्यात ठेवला. रांजणावर हात-पाय धुतले. घरात गेली, चुलीजवळ पाट सरकवल्याचा आवाज आला.

"माय," ती आतून म्हणाली, "वाढ मले."